डेली नीड्सचं दुकान आणि जळगावचा मे महिना

कॉलनीतल्या डेली नीड्सच्या दुकानात नग फार आणि नगामागे सुटणारा पैसा थोडा. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीवर रुपयाच्या आसपास, कंपनीच्या बिस्किट-साबणावर शेकडा आठ-दहा, सुट्या मालावर त्याहून जरा बरं. हिशोब सरळ आहे: दुधाची एक पिशवी फुटली की पंचवीस-तीस पिशव्यांचा नफा गेला. म्हणून आमचं ठाम मत असं की गिऱ्हाईक तर येतंच, पण दुकान टिकतं ते माल आत घेताना आणि तो ठेवताना. खानदेशात हे मे महिन्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. पारा ४३-४५ अंशांवर असतो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर माणूस नसतं, आणि आतला माल मात्र त्या उन्हात उभाच असतो.

दुधाची गाडी साडेपाचच्या सुमारास येते. चालकाला पुढची वीस दुकानं उरकायची असतात, त्यामुळे तो क्रेट ओट्यावर ठेवून निघायच्या बेतात असतो. त्याला दोन मिनिटं थांबवायचं. कुठल्या डेअरीच्या क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २० पिशव्या असतात, कुठल्यात २४. ते पाठ हवं. क्रेट वरून मोजून भागत नाही, तळातली ओळ हाताने चाचपायची. गळकी पिशवी नेहमी तळाशी असते, कारण वरच्या क्रेटचा भार आणि गाडीचे दणके तिथेच बसतात. क्रेटखाली ओल दिसली तर पिशव्या काढून शिवणीवर बोट फिरवायचं. गळकी पिशवी गाडी उभी असतानाच परत द्यायची आणि मालासोबत आलेल्या चलनावर (पावतीवर) आकडा लिहून घ्यायचा. गाडी गेल्यावर फोन केला तर बदली मिळेलच असं नाही. पिशवीवरची तारीखही त्याच वेळी पाहायची. आदल्या दिवशीचा उरलेला क्रेट चुकून नव्यात मिसळलेला असतो.

मग दूध लगेच फ्रिजमध्ये. इथे नवीन मुलं हमखास चुकतात. क्रेट दाराशी ठेवून आधी झाडलोट, मग पेपर लावणं, मग देवासमोर उदबत्ती, तोवर साडेसहा वाजतात. मेमध्ये सकाळी साडेसहालाही हवा गरमच असते. आम्ही एका वेळी एकच क्रेट बाहेर ठेवतो, तो संपला की दुसरा. दुपारी कुणी "दूध फाटलं" म्हणून आलं, तर पिशवी रिकामी असली तरी घेऊन यायला सांगतो आणि तारीख पाहतो. त्या दिवशीची असेल तर बदलून देतो. फाटण्याचं कारण पुष्कळदा दुकानात नसतं. सकाळी घेतलेली पिशवी स्कूटरच्या डिकीत तासभर राहिलेली असते. तरी एका पिशवीवरून मावशींशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी मात्र त्यांना सांगतो, की भाजी आधी घ्या, दूध शेवटी घ्या आणि थेट घरी न्या.

पाव-ब्रेडचं काम त्या मानाने सोपं. माणूस रोज येतो, जुना उचलतो, नवा ठेवतो. फक्त उचललेल्या पाकिटांची संख्या त्याच्या आणि आपल्या वहीत एकच आहे ना, हे पाहायचं. पावसाळ्यात बुरशी दोन दिवस आधीच दिसते, तेव्हा मागणी थोडी कमी ठेवायची. अंड्यांच्या ३०च्या ट्रेमधून तडकलेली वेगळी काढून ट्रे सावलीत, भिंतीपासून लांब ठेवायचा. पश्चिमेची भिंत संध्याकाळीही तापलेली असते.

एजन्सीचे सेल्समन ठरलेल्या वारी येतात. त्यांच्यासमोर उभं राहण्याआधी शेल्फच्या मागच्या ओळी पाहून घ्यायच्या. "बारावर एक फ्री" ऐकायला गोड वाटतं, पण महिन्याला चारच नग जाणारी वस्तू तेरा घेतली तर पैसे तीन महिने अडकतात, आणि उन्हाळ्यात ती खराब होण्याची जोखीम वेगळी. ज्या वस्तूचा खप माहीत आहे तिच्यावर स्कीम घ्यावी, नव्या वस्तूचा अर्धाच बॉक्स मागावा. माल येतो तेव्हा बिलावर चार गोष्टी पाहायच्या: नग, दर, फ्रीचा माल बिलात लिहिला आहे की नाही, आणि छापील किंमत. फ्री नग बिलात नसेल तर पुढे एक्सपायरीच्या क्लेमच्या वेळी, म्हणजे मुदत संपलेल्या मालाची भरपाई मागताना, त्यावरून कटकट होते.

छापील किमतीचा घोळ सगळ्यात महाग पडतो. एकाच साबणाची जुनी आणि नवी अशा दोन किमतींची पाकिटं दुकानात एकाच वेळी असतात, आणि दोन्हींचा बारकोड तोच असतो. स्कॅन केल्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर दोन ओळी दाखवतं. घाईत पहिली ओळ दाबली जाते. कधी दुकानाचे तीन रुपये जातात, कधी गिऱ्हाइकाकडून जास्त घेतले जातात, आणि दुसरं कायद्याने गुन्हा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, फरसाण ५ टक्क्यांत आलं, तेव्हा हा घोळ काही आठवडे टिपेला होता. गिऱ्हाईक टीव्हीवर ऐकून आलेलं, पाकिटावर जुनी किंमत, आणि पाच रुपयांच्या पुड्याची किंमत मध्येच साडेचारच्या आसपास. त्या काळात आम्ही जुन्या किमतीचा माल एका खणात आणि नव्या किमतीचा दुसऱ्या खणात ठेवला, आणि जुन्या खणावर कमी झालेला दर मोठ्या आकड्यात चिकटवला. दोन किमतींचा माल कधीही आला तरी हीच पद्धत उपयोगी पडते. एका ओळीत मिसळलं की संपलं.

तारखेचंही तसंच. काही पाकिटांवर पॅकिंगची तारीख आणि "सहा महिन्यांपर्यंत उत्तम" एवढंच असतं, ते गिऱ्हाईकही मोजत नाही आणि काउंटरवरचा मुलगाही मोजत नाही. बॉक्स फोडताना शेवटचा महिना मार्करने बॉक्सवर लिहून टाकायचा. जुना माल पुढे, नवा मागे. एजन्सीला परत द्यायचा माल मुदत संपायच्या आधी वेगळा काढायचा, कारण काही कंपन्या मुदत संपल्यावर ठरावीक दिवसांतच क्लेम घेतात आणि फाटक्या, उंदराने कुरतडलेल्या पाकिटाचा क्लेम तर बहुधा घेतच नाहीत.

आता फ्रिज. शीतपेयांच्या कंपनीकडून मिळालेला काचेचा फ्रिज उन्हाळ्यात दुकानातला सगळ्यात कष्टाळू गडी. त्याच्या मागे भिंतीपासून वीतभर जागा हवी, काचेवर ऊन नको, आणि खालच्या जाळीवरची धूळ दर पंधरवड्याला ब्रशने काढायला हवी. एप्रिलपासून इथे धुळीचे लोट असतात. जाळी चोंदली की कॉम्प्रेसर थांबतच नाही, बिल वाढतं आणि बाटल्या कोमटच राहतात. गरम बाटल्या दुपारी भरल्या तर आधीच्या थंड बाटल्याही कोमट होतात. म्हणून भरती रात्री दुकान बंद करताना करायची. सकाळपर्यंत सगळं थंड. मागच्या पंख्यासमोर बाटल्या ठासायच्या नाहीत, हवा फिरली नाही तर खालचा कप्पा गोठतो आणि वरचा तसाच राहतो. वीज गेली की दार उघडणं बंद. आली की लगेच फ्रिज सुरू करायचा नाही, पाच मिनिटं थांबायचं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा स्टॅबिलायझर नसेल तर कॉम्प्रेसर जळतो. आइस्क्रीमचा डीप फ्रीजर उणे १८ अंशांवर चालायला हवा. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं आइस्क्रीम वरून ओळखू येतं: कप दबलेला, आत बर्फाचे खडे, कोनचा पापुद्रा मऊ. असा माल विकायचा नाही, लहान मुलं खातात ते.

थंड बाटलीचे "कुलिंगचे दोन रुपये" घेण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चूक आहे. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे छापील किमतीत सगळं आलं, वर एक पैसाही घेता येत नाही. फ्रिजचं वीजबिल विक्रीतूनच निघायला हवं, आणि उन्हाळ्यात ते निघतंही. पाण्याच्या लिटरच्या बाटल्या १२च्या बॉक्समध्ये येतात. लग्नसराईत लोक दहा-दहा बॉक्स एकदम मागतात, तेव्हा ऑर्डर आदल्या दिवशी घ्यायची आणि बॉक्स ओट्यावर उन्हात रचून ठेवायचे नाहीत.

दुपारी कुणी उन्हाने घेरी येऊन ओट्यावर बसलं, तर पाणी पाजतो आणि सोबतच्याला मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणायला सांगतो. २१ ग्रॅमचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्ध्या ग्लासात नाही. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायलाच मनाई केली, तरी लोक सवयीने तेच मागतात. त्यांना समजावून सांगायला अर्धं मिनिट लागतं, ते द्यायलाच हवं.

चॉकलेटमधलं कोकोचं लोणी सुमारे ३४ अंशांना वितळतं. म्हणजे मेमध्ये जळगावच्या काउंटरवर ठेवलेलं चॉकलेट सकाळी दहालाच गेलं. रात्री ते पुन्हा घट्ट होतं आणि वर पांढुरका थर येतो; गिऱ्हाइकाला तो बुरशी वाटतो. आम्ही मार्च संपायच्या आत चॉकलेटची बरणी काउंटरवरून उचलून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात नेतो, मागणी निम्म्यावर आणतो, आणि काउंटरवर त्या जागी गोळ्या, चिंचेच्या पुड्या ठेवतो.

शेवेचं वेगळं प्रकरण आहे. संध्याकाळी सात ते नऊ "पाव किलो शेव द्या भाऊ" म्हणणारा प्रत्येक जण एकच शेव मागत नसतो. शेवभाजीची शेव जाड आणि तिखट, रश्शात पडून विरघळत नाही. नुसती खायची बारीक. चुकीची दिली तर घरी भाजीचा लगदा होतो आणि माणूस परत येतो. त्यामुळे "भाजीची का खायची?" हे विचारूनच तोलायचं. गरमीत तेलाचा वास लवकर बदलतो, म्हणून शेव झाकणाच्या डब्यात, थोडी थोडी, दहा-बारा दिवसांत संपेल एवढीच घ्यायची. तोलण्याआधी चिमूटभर चाखून पाहिली की खवटपणा लगेच कळतो.

साबण, उदबत्ती, फिनाइल यांच्या शेजारी चहा, बिस्किटं, रवा कधीही ठेवू नये. उष्णतेत वास पाकिटातून आत जातो आणि चहाला साबणाचा वास येतो. रवा, बेसन, पोहे मोठ्या पोत्याने भरू नयेत. सोंडे आणि जाळी आठ-पंधरा दिवसांत लागते. दाणा बाजार जवळ आहे, आठवड्याला एक फेरी परवडते.

सगळ्यात नेमका त्रास कूलरचा. उन्हाळ्यात दुकानात कूलर लावल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नाही, पण कूलरच्या ओल्या ताट्यांतून (गवताच्या जाळ्यांतून) येणारी ओली हवा मालावर गेली की सुटी बिस्किटं आणि पापड नरम पडतात, साखर-मीठ चिकटतं, खोक्यांचे पुठ्ठे पिचतात. कूलरचं तोंड माणसाकडे आणि दाराकडे ठेवायचं, शेल्फकडे नाही. वजनकाट्यावरही वारा यायला नको. वाऱ्याने ५-१० ग्रॅम सहज हलतात. आमच्यासारख्या बहुतेक दुकानांत ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्याच्या पट्टीवर किमान १०० ग्रॅम आणि विभाग ५ ग्रॅम असं लिहिलेलं असतं, म्हणजे आकडा पाच-पाच ग्रॅमनेच बदलतो. पुष्कळांनी ते कधी वाचलेलं नसतं. १० ग्रॅम वेलची या काट्यावर तोलली तर अडीच ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणजे पाव भाग. वेलची, लवंग, केशर बंद पाकिटातलंच द्यावं. काट्याचं पासिंग (तपासणी आणि शिक्का) वैधमापन विभागाकडून दर वर्षी करून घ्यायचं आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं.

दुपारच्या रिकाम्या वेळात सुटा माल पिशव्यांत भरायचा. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून शून्य करायचं, मग भरायचं. पिशवीचे चार-पाच ग्रॅम मालात धरले तर प्रत्येक किलोमागे गिऱ्हाइकाला तेवढं कमी जातं. ५० किलोच्या साखरेच्या पोत्यातून पूर्ण ५० पिशव्या निघत नाहीत, थोडी पोत्याला चिकटते, थोडी सांडते. दर ठरवताना हे धरावं, वजनात कापू नये. भरलेल्या पिशवीवर नाव, वजन, तारीख, किंमत चिकटवायची.

मार्च ते मे हा पापडांचा हंगाम. उडदाचे पापड, बिबडे, कुरडया घरोघरी होतात, त्यामुळे पापडखार, हिंग, जिरं, काळी मिरी यांची मागणी एकदम वाढते. पापडखार जुना, ओल लागलेला असेल तर पापड नीट फुलत नाहीत, आणि त्याचा दोष वर्षभर दुकानावर येतो; तो दर हंगामाला नवीन घ्यायचा. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी आमरस आणि खापरावरचे मांडे. हरभरा डाळ, गूळ, जायफळ, मैदा, तूप आठ दिवस आधी भरून ठेवावं, पण गूळ बेताने. गरमीत भेली सैल पडते, आणि सण उलटून पावसाला लागली की पाझरते. श्रावणात कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाला, रोटांच्या नैवेद्यासाठी गहू, हरभरा डाळ, गूळ सव्वाच्या मापात मागतात. सव्वा किलो, सव्वा पाच किलो. आधीच बांधून ठेवलेल्या किलोच्या पिशव्या तेव्हा कामाच्या नाहीत, सुटं तोलूनच द्यावं लागतं.

काउंटरवर येणारी माणसं ओळखीची असतात. "दूध शे का भाऊ?" (दूध आहे का) म्हणत आजी येतात, त्यांना "शे ना मावशी" म्हणून पिशवी हातात द्यायची, टेबलावर आपटायची नाही. लहान मूल एकटं आलं तर उरलेले पैसे त्याच्या मुठीत मोजून द्यायचे आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा. सुट्ट्याऐवजी गोळी द्यायची नाही. दहाच्या नाण्याला कुणी नाही म्हणालं तर सांगायचं, की रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच त्याचे १४ प्रकार चालू असल्याचं स्पष्ट केलं आहे. आणि आपणही ते घ्यायचं, तरच बोलण्याला वजन येतं. घरच्यांनी सिगारेट आणायला पाठवलेल्या मुलाला परत पाठवायचं. १८च्या खालच्याला विकणं गुन्हा आहे, आणि सुटी सिगारेट तर महाराष्ट्रात २०२० पासून कुणालाच विकता येत नाही. यावर आबा-अप्पा रागावतात, तरीही नाहीच द्यायची.

उधारी बंद करणं कॉलनीत जमत नाही. एमआयडीसीतल्या चटई आणि डाळीच्या कारखान्यांतली माणसं ७ ते १० तारखेला पगार झाला की हिशोब पूर्ण करतात, मधले दिवस वहीवर चालतात. प्रत्येक खात्याला मर्यादा ठरवायची आणि ती पहिल्याच दिवशी सांगायची. तारीख, वस्तू, रक्कम आणि माल नेणाऱ्याचं नाव लिहायचं. "मुलगा घेऊन गेला, मला माहीत नाही" हा वाद फक्त या शेवटच्या रकान्यानेच मिटतो. वहीत खाडाखोड नको. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा.

यूपीआयने सुट्ट्यांची अडचण संपवली, पण नवी कामं आणली. सकाळी क्यूआर कोडवर कुणी दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे स्वतः एक रुपया पाठवून किंवा नाव वाचून पाहायचं. मोबाइलवरची हिरवी खूण पुरावा नाही, नकली ॲपही ती दाखवतं; साउंडबॉक्स बोलेपर्यंत किंवा आपल्या ॲपमध्ये नोंद दिसेपर्यंत थांबायचं. गर्दीत खरी गंमत होते: दोघांचं बिल ३५ रुपये, साउंडबॉक्स एकदाच बोलतो, आणि दोघंही म्हणतात "माझे गेले." दोघंही बहुधा खरं बोलत असतात, एकाचा व्यवहार अडकलेला असतो. तेव्हा नोंदीतलं नाव पाहायचं. ज्याचं नाव नाही त्याच्याकडून लगेच दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत, माल देऊन वहीत लिहून ठेवायचं. पैसे आले तर ओळ मारायची, त्यांच्या खात्यात परत गेले तर ते आणून देतात.

रात्री गल्ला मोजताना सकाळी ठेवलेले सुटे पैसे आधी बाजूला काढायचे, हजार-दीड हजार जे काही असतील ते. मग नोटा किमतीप्रमाणे, मग नाणी. यूपीआयची बेरीज तारखेवरून नाही, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंतच्या वेळेवरून घ्यायची. साडेअकराला काउंटर बंद केल्यावर कुणी जुनी उधारी पाठवली की तारखेची बेरीज चुकते. दिवसभरात सेल्समनला, पाववाल्याला, चहावाल्याला गल्ल्यातून दिलेले पैसे त्याच क्षणी चिठ्ठीवर लिहून गल्ल्यातच टाकायचे. रोख, यूपीआय, त्या चिठ्ठ्या आणि नवी उधारी मिळून जे येईल, त्यातून वसूल झालेली जुनी उधारी वजा केली की बिलांच्या बेरजेशी जुळायला हवं. दहा-वीस रुपये इकडेतिकडे होतात. ते फरक म्हणूनच लिहून ठेवायचे, दुसऱ्या दिवशीच्या सुट्या पैशांतून भरून काढायचे नाहीत, नाहीतर चूक कुठल्या दिवशी झाली हे शोधायला जागाच उरत नाही.